आवृत्ती संपलेले भयखेळाचे पुस्तक: घ्यायचे कसे, किती द्यायचे, कुठे थांबायचे

ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीतल्या रोल-प्लेइंग गेम खेळणाऱ्या वाचकांकडून एकच विचारणा वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा येते. ‘कॉल ऑफ कथुलू’साठी एखाद्या छोट्या प्रकाशकाने पूर्वी काढलेला संग्रह आता कुठेच मिळत नाही. परदेशातला एक विक्रेता तो देऊ करतो आहे, पण किंमत मूळ छापील किमतीच्या कितीतरी पट सांगतो. घ्यावा का? कस्टम किती लागेल? खोटी प्रत हाती आली तर दाद कुठे मागायची? आणि मित्राकडे पीडीएफ आहेच, तर तिची प्रिंट काढून बाइंडिंग केले तर काय बिघडले?

या प्रश्नांची उत्तरे एकमेकांत अडकलेली आहेत, म्हणून ती क्रमानेच पाहू. त्याआधी ही पुस्तके दुर्मीळ का होतात हे थोडक्यात समजून घ्या, कारण तुमचा निर्णय त्यावरच ठरणार आहे.

‘कॉल ऑफ कथुलू’ हा खेळ केऑसियम या अमेरिकी कंपनीने १९८१ मध्ये काढला. एच. पी. लव्हक्राफ्ट यांच्या भयकथांच्या आधारे सँडी पीटरसन यांनी तो रचला. मूळ नियमपुस्तक कंपनी सतत छापत असते. मात्र सिनॅरिओंचे, म्हणजे एकेका बैठकीत किंवा काही बैठकांत खेळून संपवायच्या गोष्टींचे, अनेक उत्तम संग्रह छोट्या प्रकाशकांनी केऑसियमचा परवाना घेऊन काढले. जॉन टाइन्स यांनी १९९० मध्ये सुरू केलेल्या पेगन पब्लिशिंगने ‘द अनस्पीकेबल ओथ’ हे नियतकालिक चालवले आणि १९९८ मध्ये ‘मॉर्टल कॉइल्स’ हा संग्रह काढला. कीथ हर्बर यांनी सुरू केलेल्या मिस्काटॉनिक रिव्हर प्रेसने ‘न्यू टेल्स ऑफ द मिस्काटॉनिक व्हॅली’ आणि ‘टेल्स ऑफ द स्लीपलेस सिटी’ काढले. अशा प्रकाशकांचे काम दोन-चार माणसांच्या जिवावर चालते आणि प्रती थोड्या निघतात. परवाना संपला किंवा प्रकाशन बंद पडले की पुन्हा छापायचा हक्क एका हाती उरत नाही. खेळाचे नाव कंपनीचे, मजकूर लेखकांचा, चित्रे चित्रकारांची. सगळ्यांना पुन्हा एकत्र आणणे कुणाला परवडत नाही आणि पुस्तक तिथेच थांबते.

पहिला निर्णय: खेळायला हवे की संग्रहाला?

हे ठरवल्याशिवाय एक रुपयाही पुढे करू नका. दोन्ही इच्छा खऱ्या आहेत, पण त्यांचे हिशेब वेगळे आहेत.

तुम्हाला गटासोबत एक चांगली, अंगावर काटा आणणारी गोष्ट खेळायची असेल तर दुर्मीळ प्रतीची गरज जवळजवळ कधीच नसते. केऑसियमने क्विक-स्टार्ट नियमांची पीडीएफ विनामूल्य ठेवली आहे. तिच्यात ‘द हाँटिंग’ हा जुना, कसाला उतरलेला सिनॅरिओ आहे, आणि नव्या गटाची पहिली बैठक तेवढ्यावर उत्तम होते. ड्राइव्हथ्रूआरपीजी या विक्रीस्थळावर ‘मिस्काटॉनिक रेपॉझिटरी’ नावाचे दालन आहे. खेळाडूंनीच लिहिलेले सिनॅरिओ तिथे कंपनीच्या परवानगीने आणि बहुधा स्वस्तात मिळतात.

संग्रहाला हवे असेल, म्हणजे तो कागद, ती मांडणी, त्या काळची चित्रे, सोबतची हँडआउट, म्हणजे खेळाडूंना द्यायचे कागद, हे सगळे तुम्हाला प्रिय असेल, तर जास्त किंमत मोजण्यात गैर काही नाही. ही पुस्तके प्रेमाने केलेली आहेत आणि ती हातात धरण्याचा आनंद पीडीएफ देत नाही. मात्र तेव्हा तुम्ही वस्तू विकत घेत असता, आणि वस्तू घेताना ती पारखून घ्यावी लागते. पुढचा बराचसा लेख त्या पारखीविषयी आहे.

‘जुने पुस्तक जुन्या नियमांचे, ते आता चालेल का?’ अशी शंका बरेच जण काढतात. चालते. २०१४ च्या सातव्या आवृत्तीत पात्राचे मूळ गुण शेकड्यावर आणले, त्यामुळे जुन्या पुस्तकातला आकडा पाचाने गुणला की काम भागते. जुन्या सिनॅरिओत ताकद १२ लिहिली असेल तर ती ६० धरा. कौशल्ये तेव्हाही टक्क्यांतच होती. एवढ्यासाठी पुस्तक सोडू नका.

पुन्हा छापले गेले आहे का, ते पाहा

सर्वांत जास्त पैसे इथे वाया जातात. ‘दुर्मीळ’ म्हणून विकले जाणारे पुस्तक नव्या रूपात बाजारात आलेले असते आणि घेणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो.

‘हॉरर ऑन द ओरिएंट एक्सप्रेस’ची १९९१ ची पेटी वर्षानुवर्षे चढ्या भावाने विकली जात होती. २०१४ मध्ये तिची वाढवलेली नवी आवृत्ती आली. ‘मास्क्स ऑफ न्यार्लाथोटेप’ १९८४ चे, त्याची पूर्ण नव्याने केलेली दोन खंडांची आवृत्ती २०१८ ची. मिस्काटॉनिक रिव्हर प्रेसचे वर सांगितलेले ‘न्यू टेल्स’ पुढे स्टिजियन फॉक्स या ब्रिटिश प्रकाशकाने दुसऱ्या आवृत्तीत आणले. ‘द अनस्पीकेबल ओथ’च्या अंकांमधला निवडक मजकूर पेगननेच ‘द रिझरेक्टेड’ या मालिकेत पुस्तकरूपाने काढला होता. म्हणजे एका सिनॅरिओसाठी जुना अंक शोधत फिरणाऱ्याला तोच सिनॅरिओ दुसऱ्या पुस्तकात सापडू शकतो.

म्हणून शोध या क्रमाने घ्या:

- आरपीजीगीक या सूचीस्थळावर पुस्तकाच्या किती आवृत्त्या निघाल्या, पाने किती, सोबत काय काय होते, हे टिपून घ्या.
- ड्राइव्हथ्रूआरपीजीवर त्याची अधिकृत पीडीएफ किंवा मागणीनुसार छापून मिळणारी प्रत आहे का, ते बघा.
- तुम्हाला हवा असलेला सिनॅरिओ नेमका कोणता, ते ठरवा आणि लेखकाच्या नावाने शोधा. बरेच लेखक आपला मजकूर पुढे दुसरीकडे पुन्हा छापतात.
- एवढे करूनही हाती काही लागले नाही, तरच जुन्या प्रतीच्या मागे लागा.

जुनी प्रत कुठे मिळते

आपल्याकडच्या जुन्या पुस्तकांच्या बाजारात, म्हणजे माटुंग्याच्या किंग्ज सर्कलला किंवा फोर्टच्या पदपथावर, इंग्रजी भयकथांची पुस्तके भरपूर मिळतात. पण छोट्या प्रकाशकाचा खेळसंग्रह तिथे सापडणे हा निव्वळ योग. त्या आशेवर दर रविवारी लोकल पकडू नका. सार्वजनिक ग्रंथालयांतही तो मिळणार नाही.

खरे मार्ग तीन. पहिला, जुन्या खेळांचे व्यवसायाने विक्रेते, उदाहरणार्थ अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातले नोबल नाइट गेम्स. इथे प्रतीच्या स्थितीची प्रतवारी केलेली असते. भाव चढा असतो, पण फसगत कमी होते. दुसरा, ईबे. तिसरा, आपल्याच देशातले खेळाडू. छंद सुटलेला, बंगळूर किंवा पुण्याहून परदेशी निघालेला एखादा खेळाडू आपले कपाट रिकामे करत असतो, आणि त्याची प्रत घेतली तर कस्टम आणि परदेशी टपालखर्च दोन्ही वाचतात. माझ्या मते हा तिसरा मार्ग सर्वांत चांगला आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. खेळाडूंच्या गटांत आपली मागणी पुस्तकाचे पूर्ण नाव, आवृत्ती आणि तुमची कमाल किंमत लिहून नोंदवून ठेवा. मग थांबण्याची तयारी ठेवा. घाई असलेल्या माणसालाच चढा भाव लागतो.

विक्रेत्याला काय विचारायचे

‘कंडिशन चांगली आहे’ या वाक्याला काही अर्थ नाही. लेखी विचारा, लेखी उत्तर घ्या आणि ते जपून ठेवा. पुढे तक्रार करायची वेळ आली तर हाच तुमचा पुरावा.

- पाने सगळी आहेत का? सूचीस्थळावरच्या पानांच्या संख्येशी ताळा करा.
- हँडआउट जागेवर आहेत की कापून काढलेली? भयखेळात खेळाडूंच्या हाती द्यायची पत्रे, वर्तमानपत्राची कात्रणे, नकाशे पुस्तकाच्या शेवटी असतात. खेळताना ती कापली जातात आणि विकताना विक्रेता ते सांगायला विसरतो.
- कण्याचा फोटो. छोट्या प्रकाशकांची बरीच पुस्तके नुसत्या गोंदाने चिकटवलेली असतात. वीस-पंचवीस वर्षांत गोंद वाळतो आणि पुस्तक मधोमध उघडले की पानांचा गठ्ठा हातात येतो.
- पेन्सिलीच्या खुणा, नावे, शिक्के आहेत का?
- ओल लागल्याचे डाग किंवा कुबट वास? वास फोटोत दिसत नाही, म्हणून मुद्दाम विचारा.
- मुखपृष्ठ, मलपृष्ठ, प्रकाशनाची माहिती असलेले पान आणि आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी शेजारी ठेवलेला एक फोटो मागा. प्रत खरोखर त्याच्याच हातात आहे हे त्यावरून कळते. फोटो द्यायला जो टाळाटाळ करतो त्याच्याशी व्यवहार करू नका, मग भाव कितीही मोहात पाडो.

पीडीएफची छापील प्रत ओळखायची कशी

पीडीएफ छापून, रंगीत मुखपृष्ठ लावून ‘मूळ प्रत’ म्हणून विकण्याचे प्रकार होतात. एक खूण पक्की धरा: ड्राइव्हथ्रूआरपीजीवरून घेतलेल्या अनेक पीडीएफच्या पानांच्या तळाशी खरेदी करणाऱ्याचे नाव आणि ऑर्डर क्रमांक बारीक अक्षरांत उमटलेला असतो. ‘दुर्मीळ’ प्रतीच्या पानांवर अशी ओळ दिसली, किंवा प्रत्येक पानाची खालची पट्टी संशयास्पदरीत्या कापलेली दिसली, तर ती प्रत मूळ नाही. राखाडी चित्रांवर झेरॉक्ससारखे पट्टे किंवा आतल्या समासात अक्षरे वाकलेली असली तरी सावध व्हा.

मागणीनुसार अधिकृतपणे छापलेली प्रत ही वेगळी गोष्ट. ती कायदेशीर आहे, खेळायला झकास आहे, पण दुर्मीळ नाही. विक्रेत्याने ती पहिल्या आवृत्तीच्या भावात विकू नये आणि तुम्ही घेऊ नये.

पैसे देताना

परदेशी व्यवहारासाठी कार्डावर आंतरराष्ट्रीय वापर आधी सुरू करून घ्या. २०२० पासून नवी कार्डे हा वापर बंद ठेवूनच येतात. बँकेच्या ॲपमध्ये तो सुरू करा, मर्यादा ठरवा, व्यवहार झाला की बंद करा. बँक विनिमयदरावर आपले शुल्क लावते आणि त्या शुल्कावर जीएसटी लागतो, हेही हिशेबात धरा.

पेपॅलने पैसे देत असाल तर ‘फ्रेंड्स अँड फॅमिली’ हा पर्याय कधीही निवडू नका. विक्रेता ‘शुल्क वाचेल’ म्हणून गळ घालतो, पण त्या पर्यायात खरेदीदाराला संरक्षण मिळत नाही. वस्तूच्या खरेदीसाठीचा नेहमीचा पर्याय निवडलात तर वाद उपस्थित करायला १८० दिवस मिळतात. ईबेवरची हमी साधारणपणे वस्तू पोचल्यापासून, किंवा पोचण्याच्या अपेक्षित शेवटच्या तारखेपासून, ३० दिवसांची. ‘ईबेबाहेर करू, स्वस्त पडेल’ असे म्हणणाऱ्याला नकार द्या, कारण बाहेर गेलात की ती हमीही गेली.

देशातल्या व्यक्तीकडून घेताना शक्यतो समोरासमोर भेटा. दोघांनाही सोयीचे, निवांत बसता येईल असे ठिकाण निवडा. डोंबिवली स्टेशनच्या पुलावर संध्याकाळच्या गर्दीत पाने मोजता येत नाहीत. पुस्तक उघडून पाहा, हँडआउट तपासा, मग यूपीआय करा. टपालाने येणार असेल तर निम्मे पैसे आधी, निम्मे पोचल्यावर, असे ठरवून पाहा. पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही, हे विकणाऱ्यांनीही लक्षात ठेवावे.

गटाने वर्गणी काढून घेत असाल तर पुस्तक कुणाकडे राहणार, गट मोडला तर काय, एखाद्याला आपला वाटा काढून घ्यायचा असेल तर किती मिळणार, हे एका कागदावर लिहून सगळ्यांनी सही करा. मैत्री टिकवायची असेल तर हे आधीच करावे.

पार्सल येण्याच्या वाटा आणि कस्टम

स्वतःच्या वापरासाठी एखादे पुस्तक मागवायला आयातदाराचा परवाना लागत नाही. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही. मात्र जुलै २०१९ च्या अर्थसंकल्पाने आयात केलेल्या छापील पुस्तकांवर ५ टक्के मूळ शुल्क लावले. शुल्क पुस्तक आणि वाहतूक यांच्या एकत्रित मूल्यावर मोजतात. समजा पुस्तक ५,००० रुपयांचे आणि टपाल ३,००० चे, तर ८,००० वर ५ टक्के म्हणजे ४०० रुपये, शिवाय लागू असल्यास अधिभार आणि हाताळणीचा खर्च. दर अर्थसंकल्पात बदलू शकतात, म्हणून मोठी खरेदी असेल तर त्या महिन्यातला दर पाहून घ्या.

खरी गोची वर्णनात होते. पार्सलवर ‘गेम’ असे लिहिलेले असले तर पुस्तकाचा दर न लागता वेगळा, जास्त दर लागू शकतो. म्हणून विक्रेत्याला कळवा की घोषणापत्रावर ‘छापील पुस्तक, वैयक्तिक वापरासाठी’ असे स्पष्ट लिहा आणि बिलाची प्रत बाहेरच्या पाकिटात ठेवा. फासे, पत्ते, प्लॅस्टिकच्या मूर्ती त्याच खोक्यात भरू नका. किंमत मात्र खरीच लिहायला सांगा. कमी दाखवलेल्या किमतीचे पार्सल हरवले तर भरपाईही तेवढीच मिळते. ‘गिफ्ट’ लिहूनही काही साधत नाही. भेटवस्तूंना टपालाने मिळणारी शुल्कमाफी डिसेंबर २०१९ मध्ये राखी आणि जीवरक्षक औषधे सोडून बंद झाली.

टपालाने येणारी वस्तू विदेश टपाल कार्यालयातून जाते. शुल्क लागलेच तर पोस्टमन ते घरी पार्सल देताना घेतो. वेळ जास्त लागतो, खर्च कमी येतो. कुरिअर कंपनी लवकर आणते, पण ओळखपत्र मागते आणि शुल्काबरोबर स्वतःचे हाताळणीचे पैसेही लावते. घेण्याआधी ती रक्कम विचारा.

पत्ता लिहिताना डोंबिवलीकरांनी पूर्व-पश्चिम आणि पिनकोड दोन्ही नीट द्या. पूर्वेला ४२१२०१, विष्णूनगर आणि पश्चिमेला ४२१२०२. कल्याण पश्चिमेचा ४२१३०१ आणि पूर्वेचा ४२१३०६. परदेशी विक्रेत्याचे सॉफ्टवेअर पत्त्याची तिसरी ओळ कापून टाकू शकते, त्यामुळे इमारत, रस्ता आणि बाजू पहिल्या दोन ओळींत बसवा.

तिसरी वाट आपल्या घराघरांत आहे. अमेरिकेतली बहीण डिसेंबरात येणार असेल तर पुस्तक तिच्या पत्त्यावर मागवा. अमेरिकी टपालखात्याचा ‘मीडिया मेल’ हा पुस्तकांसाठीचा दर बराच स्वस्त आहे, आणि सामानातून आलेले एखादे पुस्तक सहसा प्रवाशाच्या शुल्कमुक्त मर्यादेत बसते. मात्र तिला आधी विचारा, वजन सांगा, आणि पार्सल तिच्याकडे पोचताच पाने मोजून घ्यायला सांगा. तक्रारीची मुदत तिच्या दारात पार्सल पडल्यापासून सुरू होते. तुम्ही डोंबिवलीत खोके उघडाल तेव्हा ती संपलेली असू शकते.

पार्सलची वाट पाहताना ‘तुमचे पार्सल कस्टममध्ये अडकले आहे, या क्रमांकावर पैसे पाठवा’ असा फोन आला तर ठेवून द्या. कस्टम कुणाच्या खासगी यूपीआयवर पैसे मागत नाही. परदेशी नोंदणीकृत टपालाचा क्रमांक दोन इंग्रजी अक्षरे, नऊ आकडे आणि शेवटी देशाची दोन अक्षरे असा तेरा चिन्हांचा असतो. तो भारतीय टपालाच्या संकेतस्थळावर स्वतः टाकून बघा.

फसवणूक झाली तर

खोके उघडताना अखंड चित्रफीत काढा: पत्त्याची बाजू, सील, आतले पुस्तक, मग पाने. त्यानंतर विकणारा कोण आहे त्यावर मार्ग ठरतो.

*परदेशी विक्रेता:* विक्रीस्थळाची हमी, पेपॅलचा वाद, आणि तेही न जमल्यास बँकेकडे कार्डव्यवहाराची तक्रार. भारतीय ग्राहक आयोगाचा आदेश परदेशातल्या एकट्या विक्रेत्यावर बजावणे फार अवघड, म्हणून वरच्या मुदती चुकवू नका.

*भारतीय दुकान किंवा विक्रीस्थळ:* २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्यात निवारण करायचे आहे. ते झाले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, म्हणजे विक्रेता दिल्लीचा असला तरी तुमच्यासाठी ठाणे जिल्हा आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची, आणि तक्रार ऑनलाइनही दाखल होते.

*खासगी व्यक्ती:* स्वतःचे जुने पुस्तक एकदाच विकणारा माणूस व्यापारी ठरत नाही, त्यामुळे ग्राहक आयोगाचा रस्ता सहसा उघडत नाही. पैसे घेऊन तो गायब झाला तर लगेच १९३० वर फोन करा आणि सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर नोंद करा. पहिल्या काही तासांत कळवले तर रक्कम मधेच गोठवली जाण्याची शक्यता असते.

झेरॉक्स आणि पीडीएफ: काय चालते, काय नाही

‘आवृत्ती संपली म्हणजे पुस्तक सर्वांचे झाले’ हा समज चुकीचा आहे. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे कॉपीराइट राहतो. १९९८ किंवा २००९ च्या पुस्तकाचे हक्क आज पूर्ण शाबूत आहेत.

तुमच्या स्वतःच्या प्रतीतली हँडआउट खेळाडूंना देण्यासाठी झेरॉक्स करणे हा खासगी वापर आहे आणि मूळ पाने कापण्यापेक्षा कितीतरी चांगला. विकत घेतलेल्या पीडीएफची स्वतःसाठी एक प्रिंट काढणेही साधारणपणे विक्रेत्याच्या अटींत बसते. पण गटाच्या व्हॉट्सॲपवर पूर्ण पीडीएफ टाकणे, किंवा पाच प्रती छापून वाटणे, हे खासगी वापरात बसत नाही. ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयाला भारतात विक्रीस नसलेल्या पुस्तकाच्या स्वतःच्या वापरासाठी तीनपर्यंत प्रती काढण्याची कायद्यात मुभा आहे. ती ग्रंथालयाला आहे, आपल्याला नाही.

छोट्या प्रकाशकाचे नुकसान मोठ्या कंपनीसारखे पचून जात नाही. ज्यांची पुस्तके आपण दुर्मीळ म्हणून शोधत फिरतो त्यांचीच आजची पुस्तके फुकट वाटून आपण उद्याची दुर्मीळता तयार करत असतो. हे मी कळकळीने सांगतो आहे.

संग्रह मिळालाच नाही तर

लव्हक्राफ्ट १९३७ मध्ये वारले. त्यांच्या कथांचा आपल्याकडचा कॉपीराइट कधीच संपला आहे, त्यामुळे त्यांवरून मराठीत सिनॅरिओ लिहायला, छापायलाही मोकळीक आहे. खेळाचे नाव आणि नियम मात्र कंपनीचे, ते वापरून विकायचे असेल तर ‘मिस्काटॉनिक रेपॉझिटरी’च्या अटी वाचा.

मराठीत तर खजिनाच आहे. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या भयकथा, ‘धनंजय’सारखे रहस्य-भयकथांना वाहिलेले दिवाळी अंक, यांत कीपरला, म्हणजे खेळ चालवणाऱ्याला, लागणारे सगळे आहे: वाडे, विहिरी, शापित घराणी, कोकणातला पाऊस. ठाण्याचे १८९३ चे मराठी ग्रंथ संग्रहालय आणि कल्याणचे १८६४ चे सार्वजनिक वाचनालय इथे जुने संग्रह आणि अंक यांबद्दल विचारा. डोंबिवलीकरांनी पै फ्रेंड्स लायब्ररीच्या पुस्तक आदान-प्रदान प्रदर्शनावर लक्ष ठेवावे. धारप २००८ मध्ये आणि मतकरी २०२० मध्ये गेले, म्हणजे त्यांचे हक्क अजून अनेक दशके चालू राहतील. त्यांच्या कथेवरून घरी टेबलावर खेळणे हा तुमचा खासगी आनंद आहे. तीच कथा सिनॅरिओ म्हणून छापून विकायची असेल, फुकट पीडीएफ म्हणून पसरवायची असेल तरीही, वारसांची किंवा प्रकाशकाची लेखी परवानगी घ्या. नुसत्या कल्पनेवर कुणाचा हक्क नसतो, तिच्या मांडणीवर असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने आर. जी. आनंद खटल्यात १९७८ मध्येच स्पष्ट केले आहे. शापित विहीर तुम्ही घेऊ शकता, धारपांची नेमकी गोष्ट नाही.

पुस्तक आल्यावर

आपल्या खाडीकाठच्या हवेत कागदाचे खरे शत्रू ओल, बुरशी आणि कसर.

- बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात पुस्तक ठेवू नका. जून ते सप्टेंबर त्या भिंती पाझरतात.
- हवाबंद प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका. सिलिका जेलच्या पुड्या कपाटात ठेवा आणि पावसाळ्यात बदला.
- सुट्या पानाला सेलोटेप लावू नका, मुखपृष्ठ लॅमिनेट करू नका. दोन्हींमुळे पुस्तकाची किंमत जाते आणि कागदही.
- बाइंडिंगला द्यायचेच असेल तर बाइंडरला आधी बजावा: कडा कापायच्या नाहीत, मूळ मुखपृष्ठ टाकायचे नाही. सवयीने तो दोन्ही करतो.
- खेळताना मूळ पुस्तक टेबलावर चहाच्या कपाशेजारी ठेवू नका. लागणाऱ्या पानांची टिपणे काढून कीपरने तीच वापरावीत.

आणखी एक काळजी सिनॅरिओ चालवण्याआधीची. १९२० च्या दशकात घडणाऱ्या या कथांत पूर्वेकडच्या माणसांची, आपल्या देवदेवतांची चित्रणे अनेकदा उथळ आणि कधी अपमानकारक असतात. लव्हक्राफ्ट यांचा वंशद्वेषही त्यांच्या लेखनात उघड दिसतो. आधी वाचा, खटकणारे बदला. भीतीचे कोणते प्रकार चालतील आणि कोणते नाहीत हे पहिल्या बैठकीतच खेळाडूंना विचारून घ्या, विशेषतः गटात शाळकरी मुले असतील तर.

शेवटची विनंती, ज्यांच्या कपाटात असे संग्रह पडून आहेत त्यांना. घर बदलताना, छंद सुटताना ही पुस्तके रद्दीत घालू नका. ती कुणाला ओळखू येत नाहीत आणि थेट लगद्यात जातात. खेळाडूंच्या गटात पुस्तकाचे नाव, स्थिती आणि तुमची अपेक्षित किंमत लिहून कळवा. ठाण्या-डोंबिवलीतच कुणीतरी ते पुस्तक आज परदेशातून मागवायच्या बेतात असेल.